वादळाच्या वाटेवरची बांधकामं : किनाऱ्यावरचा धोका नेमका कोण तयार करतं?

खाडीकाठ (धागाकर्ता)

१८५३ साली हेन्री पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना एक जाहीर पत्र लिहिलं. कलकत्त्याच्या हुगळीत गाळ साचत होता, म्हणून सुंदरबनातल्या मातला नदीवर नवं बंदर उभारायचा बेत चालला होता. पिडिंग्टन यांनी बंगालच्या उपसागरातल्या वादळांच्या नोंदी वर्षानुवर्षं गोळा केल्या होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ही जागा वादळाच्या तोंडावर आहे, एक दिवस समुद्र आत येईल आणि बंदर बुडवेल. तरीही पोर्ट कॅनिंग उभं राहिलं, धक्के झाले, रेल्वे आली. १८५८ साली पिडिंग्टन वारले. १८६७ साली वादळ आलं, त्याच्यासोबत समुद्र आत आला, आणि पुढच्या काही वर्षांत ते बंदर सोडून द्यावं लागलं.

दुसरं उदाहरण टेक्सासच्या किनाऱ्यावरचं आहे. इंडियानोला हे तिथलं भरभराटीचं बंदर. १८७५ च्या वादळात ते उद्ध्वस्त झालं. लोकांनी ते पुन्हा त्याच जागी उभारलं. १८८६ साली दुसरं वादळ आलं आणि गाव कायमचं उठलं. त्याच किनाऱ्यावर गॅल्व्हेस्टन शहर आहे, एका वाळूच्या बेटावर वसलेलं. तिथल्या लोकांनी इंडियानोलाची दशा पाहिली, समुद्रभिंत बांधायची चर्चाही केली, आणि नंतर विषय मागे पडला. १८९१ साली तिथले हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी वर्तमानपत्रात लिहिलं की या शहराला वादळापासून मोठा धोका आहे ही समजूत खुळचट आहे. शहराची सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम पावणेतीन मीटर होती. ८ सप्टेंबर १९०० रोजी साडेचार मीटरहून उंच पाणी आलं. मृतांचा आकडा साधारण ८,००० धरला जातो. क्लाइन यांची पत्नीही त्यात गेली.

ही दोन उदाहरणं मुद्दाम जुनी घेतली. तेव्हा उपग्रह नव्हते, संगणक नव्हते, तरीही धोका माहीत होता. कुणीतरी तो लिहून ठेवला होता. आज तर प्रत्येक किनाऱ्याचे चढ-उतार सेंटिमीटरपर्यंत मोजता येतात, आणि तरी वादळप्रवण किनाऱ्यांवर पहिल्या रांगेत इमारती चढतच आहेत. म्हणून माझं मत असं झालं आहे की वादळ ही नैसर्गिक घटना असली तरी त्यातलं बरंचसं नुकसान आधीच ठरलेलं असतं. ज्या दिवशी त्या जागेवर भराव घालायला, भूखंड पाडायला आणि मजले चढवायला मंजुरी मिळते, त्या दिवशी ते ठरतं. वादळ फक्त तारीख ठरवतं. आणि मंजुरी देणारा, बांधणारा, विकणारा यांच्यापैकी त्या तारखेला तिथे सहसा कुणीच नसतं.

या विषयाशी कामानिमित्त संबंध असलेले बरेच जण इथे आहेत. सविस्तर लिहा. विरोधी मत असेल तर तेही हवं आहे.

---

वाचनवेडी

लेख आवडला. एक प्राथमिक शंका. बातम्यांमध्ये नेहमी वाऱ्याचा वेग सांगतात, ताशी इतके किलोमीटर. मग तुम्ही सगळी उदाहरणं पाण्याची का दिलीत? पक्की काँक्रीटची इमारत वाऱ्याला दाद देत नाही ना?

---

खाडीकाठ

वाचनवेडी, शंका अगदी योग्य आहे. चक्रीवादळात माणसं मारण्याचं काम प्रामुख्याने पाणीच करतं. वाऱ्याने छपरं उडतात, झाडं पडतात, पण हजारोंच्या संख्येने माणसं दगावतात ती वादळी उधाणाने.

हे उधाण म्हणजे एक मोठी लाट नव्हे. समुद्राची पातळीच कित्येक तास वर चढते आणि तिच्यावर पुन्हा नेहमीच्या लाटा फुटत राहतात. हवेचा दाब कमी झाला की पाणी थोडं फुगतं, दर एक हेक्टोपास्कलला (हवेचा दाब मोजायचं एकक) साधारण एक सेंटिमीटर. म्हणजे दाब बराच उतरला तरी त्यातून येणारी वाढ अर्धा-पाऊण मीटरच. बाकीचं सगळं वाऱ्याचं काम. वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतो. समुद्र खोल असेल तर ते पाणी खालून परत जातं. तळ उथळ आणि संथ उताराचा असेल तर त्याला परत जायला वाट नसते, म्हणून ते वर चढतं. उपसागराचं टोक निमुळतं असेल तर आणखी चढतं. बंगालच्या उपसागराचं उत्तर टोक असं आहे, म्हणूनच १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. त्यात भरतीची वेळ साधली, तर दोन्ही पातळ्यांची बेरीज होते.

आता पक्क्या इमारतीबद्दल. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड असतं. एक घनमीटर समुद्राचं पाणी टनाहून जास्त भरतं. ते वाहत येतं आणि सोबत गाड्या, होड्या, तुटलेली लाकडं घेऊन येतं. त्याच्यापुढे विटांची भिंत टिकत नाही. काँक्रीटचा सांगाडा उभा राहीलही, पण पायाखालची वाळू वाहून गेली तर तोही कलतो. पाणी ओसरतानाही वेगाने जातं आणि जाताना पाया उकरत जातं. याचा विचार करताना फार कमी लोक दिसतात.

---

सिव्हिलवाला

समुद्रभिंतींविषयी लिहितो, कारण असा विषय निघाला की "मग भिंत बांधा ना" हे वाक्य येतंच.

भिंत जमीन वाचवते, पुळण वाचवत नाही. नैसर्गिक किनाऱ्याला उतार असतो. लाट त्यावर चढत चढत आपला जोर घालवते. उभ्या भिंतीवर ती आदळते, परत फिरते आणि पायथ्याची वाळू घेऊन जाते. काही वर्षांत भिंतीपुढचा किनारा खाली बसतो, पाणी खोल होतं, आणि पाणी खोल झालं की पूर्वीपेक्षा मोठ्या लाटा थेट भिंतीपर्यंत पोचतात. मग भिंत आणखी उंच आणि जड करावी लागते. शिवाय जिथे भिंत संपते तिथे धूप सगळ्यात जास्त होते. शेजारचा माणूस म्हणतो, आता माझ्यापुढेही बांधा. अशी ती पुढे सरकत जाते.

गॅल्व्हेस्टनने १९०० नंतर सुमारे १७ फूट उंचीची भिंत बांधली. एवढंच नाही, शहरातली घरं जॅकवर उचलून त्यांच्या खाली समुद्रातून उपसलेली वाळू भरली आणि शहराची पातळी वाढवली. अभियांत्रिकीच्या इतिहासातलं हे फार मोठं काम आहे आणि १९१५ च्या वादळात त्याने अनेक जीव वाचवले. पण भिंतीपुढची पुळण गेली. आजही तिथे बाहेरून वाळू आणून टाकावी लागते.

वाळू येते कुठून हेही समजून घ्यायला हवं. बहुतेक किनाऱ्यांना वाळू पुरवतात नद्या आणि किनाऱ्यालगतचे प्रवाह. नद्यांवर धरणं झाली, पात्रातून वाळूउपसा झाला, बंदरांचे लांब धक्के समुद्रात गेले, की पुढच्या किनाऱ्याचा पुरवठा तुटतो. समुद्र नेतो तेवढीच वाळू नेतो, पण भरपाई होत नाही. धूप झालेल्या ठिकाणी उभं राहून लोक समुद्राला दोष देतात. कारण कधी कधी शंभर किलोमीटर दूर, नदीच्या वरच्या अंगाला असतं.

आणि शेवटी, भिंतीचा सगळ्यात मोठा धोका माणसाच्या डोक्यात असतो. गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९४० च्या दशकातच पूरसंरक्षणाबद्दल सांगितलं होतं की पूर ही देवाची करणी असली तरी पुरातलं नुकसान बहुतांशी माणसाचं असतं. बांध घातला की मागची जमीन सुरक्षित वाटते, तिचे भाव वाढतात, वस्ती दाट होते. पूर्वी शेत बुडत होतं, आता वसाहत बुडते. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या ला फोत-सुर-मेर या गावात नेमकं हे झालं. समुद्रबांधाच्या मागे, सखल जमिनीवर, बैठी घरं बांधायला परवानग्या दिल्या गेल्या. २८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री सिंथिया वादळात पाणी बांधावरून आत आलं आणि त्या एका गावात २९ माणसं बुडाली. लोक झोपेत होते, आणि घराला वरचा मजला नसल्याने चढायला जागा नव्हती.

---

खाडीकाठ

सिव्हिलवाला, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. ला फोतच्या प्रकरणाची पुढची बाजू माझ्या मुद्द्याशी थेट जोडलेली आहे, म्हणून सांगतो. तिथल्या तत्कालीन महापौरांवर खटला चालला. २०१४ साली त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली, २०१६ साली अपिलात ती दोन वर्षांच्या स्थगित शिक्षेवर आली. शिक्षा किती झाली यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं की वादळातल्या मृत्यूंचा माग काढत न्यायालय परवानगीच्या कागदापर्यंत पोचलं. सरकारने नंतर तिथली सगळ्यात धोक्याची घरं विकत घेऊन पाडून टाकली.

---

दर्याकिनारी

मी वेगळं मत मांडणार आहे.

या चर्चेत किनारा म्हणजे बंगले आणि हॉटेलं असं गृहीत धरलेलं दिसतंय. जगात कोट्यवधी लोक किनाऱ्यावर राहतात ते समुद्रावर पोट आहे म्हणून. मासेमारी, मीठ, बंदर, जहाजदुरुस्ती. त्यांनी आत कुठे जायचं? मच्छीमाराला होडी डोळ्यासमोर हवी असते, पहाटे निघायचं असतं, जाळी वाळवायला जागा लागते. "किनाऱ्यावर बांधू नका" हा नियम कागदावर सगळ्यांना सारखा असतो, पण अंमलात आला की आधी झोपड्या हलतात आणि मागाहून तिथेच रिसॉर्ट येतं.

हे मनाचं सांगत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेने किनाऱ्यापासून काही भागात १०० मीटर, काही भागात २०० मीटर बांधकामबंदी जाहीर केली. मच्छीमारांची घरं त्यात अडकली आणि पर्यटनाच्या बांधकामांना सवलत मिळाली. २०१३ च्या हैयान वादळानंतर फिलिपिन्समध्ये ४० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचं ठरलं. टाक्लोबान शहरातल्या किनाऱ्यावरच्या कुटुंबांना शहराच्या उत्तरेला लांबच्या वसाहतींत नेलं, पण तिथे पाण्याची आणि रोजगाराची आबाळ झाली. घर सुरक्षित झालं पण कमाई गेली, तर माणूस परत किनाऱ्यावरच येणार.

त्यामुळे धोका धोका म्हणताना कुणाचं बांधकाम आणि कशासाठी, हे आधी वेगळं करा.

---

हिरवी_किनार

+१ दर्याकिनारी. पूर्ण सहमत.

---

खाडीकाठ

दर्याकिनारी, तुमचा आक्षेप मला मान्य आहे आणि मूळ लेखात तो यायला हवा असं वाटतं, म्हणून उत्तर जरा नीट देतो.

समुद्रावर पोट असलेला माणूस आणि समुद्र दिसावा म्हणून घर घेणारा माणूस यांना एका नियमात बसवणं अन्यायाचं आहे. मी तर पुढे जाऊन म्हणेन की पहिल्याला तिथे राहण्यासाठी मदत मिळाली पाहिजे आणि दुसऱ्याला नाही. जुन्या मच्छीमार वस्त्या पाहिल्या तर बऱ्याच ठिकाणी होड्या पुढे आणि घरं मागे, वाळूच्या टेकडीच्या किंवा झाडीच्या आडोशाला असतात. ते शहाणपण पिढ्यांचं आहे. टेकडी सपाट करून तिच्या जागी समुद्राकडे तोंड करून काचेची भिंत उभी करणं ही नंतरची गोष्ट.

किनाऱ्यावर राहूनही जीव वाचवता येतात हे बांगलादेशाने दाखवलं आहे. १९७० साली किमान तीन लाख, १९९१ साली सुमारे १ लाख ३८ हजार, आणि २००७ च्या सिद्र वादळात साडेतीन हजारांच्या आसपास मृत्यू. इतका फरक पडला तो उंच खांबांवरच्या वादळ-निवाऱ्यांमुळे, सायकलवरून आणि भोंग्यातून इशारे देणाऱ्या स्वयंसेवकांमुळे आणि वेळेवर मिळणाऱ्या अंदाजांमुळे. ओडिशातही १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसं गेली, आणि २०१३ च्या फायलिनमध्ये जवळपास दहा लाख लोक हलवल्यामुळे मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. हे काम करणाऱ्या प्रत्येकाबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण या यशाचा एक उलटा उपयोग होताना दिसतो. मृत्यू कमी झाले, म्हणजे किनारा सुरक्षित झाला, म्हणजे आता बांधायला हरकत नाही, असं गणित मांडलं जातं. माणसं हलवता येतात. घर, दुकान, वीज उपकेंद्र, पिण्याच्या पाण्याची विहीर हलवता येत नाही. सुटून परत आलेल्या कुटुंबाला जर काहीच उरलेलं सापडलं नाही, तर पुढची दहा वर्षं ते कर्जात जगतं. मृतांच्या आकड्यात ते कुठेच दिसत नाही.

---

आकडेमोड

विम्याच्या क्षेत्रात काम केलं आहे, त्या बाजूने लिहितो.

विमा जर खऱ्या धोक्याप्रमाणे आकारला तर तो स्वतःच बांधकामावरचा लगाम ठरतो. हप्ता परवडत नसेल तर तो त्या जागेने दिलेला इशाराच असतो. गडबड होते ती सरकार हा इशारा दाबून टाकतं तेव्हा. अमेरिकेत १९६८ साली सरकारी पूरविमा योजना सुरू झाली. हेतू चांगला होता, कारण खासगी कंपन्या पुराचा विमा द्यायला तयार नव्हत्या. पण अनेक घरांचे हप्ते धोक्याच्या मानाने फार कमी ठेवले गेले, आणि तीच ती घरं बुडत राहिली, भरपाई घेत राहिली, त्याच जागी बांधली जात राहिली. योजना इतकी कर्जात गेली की २०१७ साली तिथल्या संसदेला १६ अब्ज डॉलरचं कर्ज माफ करावं लागलं. ते पैसे समुद्र कधी न पाहिलेल्या करदात्यांचेही होते.

१९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर फ्लोरिडात अनेक विमा कंपन्या बुडाल्या. त्यातून एक चांगली गोष्ट झाली, राज्यभर कडक बांधकाम संहिता आली. खिडक्यांची काच, छप्पर भिंतीला बांधायच्या पट्ट्या, सगळं बदललं. नवी घरं वाऱ्यात खरोखर टिकू लागली. पण वाऱ्याला टिकणारी घरं आली म्हणून लोक अधिकच किनाऱ्याकडे सरकले आणि २०२२ च्या इयन वादळात फोर्ट मायर्स बीचवर पाण्याने जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं. एकूण नुकसान शंभर अब्ज डॉलरच्या वर गेलं.

याच देशाचा एक उत्तम कायदाही आहे, त्याची चर्चा फार होत नाही. १९८२ चा किनारी अडथळा-बेटांचा कायदा. तो कुणालाही बांधायला मनाई करत नाही. एवढंच सांगतो की ठरवून दिलेल्या, तोवर मोकळ्या असलेल्या बेटांवर आणि वाळूच्या पट्ट्यांवर बांधायचं असेल तर स्वतःच्या पैशाने बांधा. केंद्राकडून रस्ता नाही, पूल नाही, पूरविमा नाही, वादळानंतरचं अनुदान नाही. परिणाम असा की त्यातल्या बहुतेक जमिनी आजही मोकळ्या आहेत. सरकारने नुसतं पाठबळ काढून घेतलं तर बांधकामाचा हिशोबच जुळेना. यावरून समजावं की इतर ठिकाणी तो हिशोब कुणाच्या पैशावर जुळत होता.

---

सिव्हिलवाला

कायद्यावरून आठवलं. मिसिसिपी राज्यात कॅसिनो जमिनीवर नकोत म्हणून ते पाण्यावर तरंगते असावेत असा नियम होता. त्यामुळे समुद्रकिनाऱ्याला प्रचंड तराफ्यांवर बहुमजली कॅसिनो बांधले गेले. २००५ साली कॅटरिना आलं, तिथे उधाण आठ मीटरच्या वर होतं. ते तराफे सुटले आणि रस्ता ओलांडून आतल्या इमारतींवर जाऊन आदळले. नियम करणाऱ्यांचा उद्देश नीतिमत्तेचा होता, समुद्राचा विचार त्यात कुठेच नव्हता. नंतर कायदा बदलून त्यांना किनाऱ्यापासून ८०० फुटांपर्यंत जमिनीवर यायला परवानगी दिली.

जपानमध्ये १९५९ च्या इसेवान वादळातही असंच. नागोया बंदरात साठवलेले लाकडाचे प्रचंड ओंडके उधाणाबरोबर सखल वस्तीत घुसले. भराव घातलेली, भूजल उपसून खचलेली जमीन, तिच्यावर कारखाने आणि कामगारांची घरं, आणि शेजारी ओंडक्यांचे ढीग. पाच हजारांहून अधिक माणसं गेली. किनाऱ्यावर काय साठवता हाही बांधकामाइतकाच मोठा प्रश्न आहे. इंधनाच्या टाक्या, रसायनं, रिकामे कंटेनर, सगळं.

---

नकाशेवाला

सगळे इमारतींबद्दल बोलताय, मी रस्त्यांबद्दल बोलतो.

किनाऱ्यावर किती लोक राहू शकतात याचं उत्तर जमीन किती आहे यावर नसतं. ते तिथून बाहेर पडायला किती तास लागतात यावर असतं. फ्लोरिडा कीज ही बेटांची माळ आहे आणि बाहेर पडायला मुख्य महामार्ग एकच. तिथे नियमच असा आहे की वादळाआधी सगळी कायमची वस्ती साधारण २४ तासांत बाहेर काढता आली पाहिजे, आणि नव्या घरांचे परवाने त्या हिशोबाला बांधलेले आहेत. दरवर्षी ठराविकच. मला ही पद्धत इतर सगळ्या अंतर-मर्यादांपेक्षा जास्त शहाणपणाची वाटते, कारण ती थेट जिवाशी बोलते.

याच्या उलट २००५ साली रीटा वादळाच्या वेळी टेक्सासमधल्या ह्युस्टन परिसरातून लाखो लोक एकदम निघाले. रस्ते तुंबले, कडक उन्हात गाड्या तासन् तास उभ्या राहिल्या, इंधन संपलं. त्या स्थलांतरातच शंभरच्या आसपास माणसं दगावली. वादळ अजून पोचलंही नव्हतं.

आणि आता वेळही कमी मिळू लागली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्कोजवळचं ओटिस वादळ साधारण एका दिवसात साध्या वादळापासून पाचव्या, म्हणजे सगळ्यात तीव्र श्रेणीपर्यंत गेलं. आदल्या सकाळी त्याची कुणी फारशी धास्ती घेतलेली नव्हती. किनाऱ्यावरच्या उंच हॉटेलांच्या काचा, खोल्यांमधल्या भिंती सगळं उडून गेलं, सांगाडे उरले. समुद्र जसा तापतो तशी अशी झपाट्याने बळावणारी वादळं वाढण्याची शक्यता आहे. नियोजन मात्र अजून "दोन-तीन दिवस आधी कळेल" या भरवशावर चाललंय.

---

वाचनवेडी

नकाशेवाला, परवाना आणि बाहेर पडण्याचा वेळ जोडायची कल्पना पहिल्यांदाच कळली. धन्यवाद.

खारफुटीबद्दल कुणी लिहील का? ती लावली की उधाण अडतं असं ऐकून आहे.

---

हिरवी_किनार

वाचनवेडी, मी लिहिते. यात अतिशयोक्ती दोन्ही बाजूंनी होते.

खारफुटी लाटा मोडते. दाट जंगलात पहिल्या शंभर मीटरांतच लाटांची उंची चांगलीच घटते. उधाणाची वाढलेली पातळी मात्र ती एवढ्या सहज रोखत नाही. त्यासाठी कित्येक किलोमीटर रुंद पट्टा लागतो आणि किलोमीटरमागे घट होते ती काही सेंटिमीटर ते फार तर अर्धा मीटर. म्हणून इमारतीच्या पुढे दोन रांगा लावून "हरित संरक्षण" म्हणणं ही फसवणूक आहे. रुंद, जुनं जंगल असेल तर परिणाम खरा आहे. १९९९ च्या वादळानंतर ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातल्या गावांचा अभ्यास झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. समुद्र आणि गाव यांच्यामध्ये खारफुटीचा रुंद पट्टा होता तिथे मृत्यू कमी झाले होते. म्यानमारमध्ये इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात भातशेती आणि कोळंबीच्या तळ्यांसाठी बरीच खारफुटी तोडली गेली होती. २००८ च्या नर्गिस चक्रीवादळात तिथे मृत आणि बेपत्ता मिळून १ लाख ३० हजारांहून अधिक माणसं गेली. इशारे पोचले नाहीत हेही तितकंच मोठं कारण होतं, ते विसरायला नको.

अजून एक गोष्ट. समुद्राची पातळी १९०१ पासून २०१८ पर्यंत जगभर सरासरी २० सेंटिमीटर वाढली आणि वेग वाढतोच आहे. पाणी वर आलं की खारफुटी आणि पुळण दोन्ही हळूहळू जमिनीकडे सरकतात, ती त्यांची जगण्याची रीत आहे. मागे रस्ता किंवा भिंत असेल तर सरकायला जागाच उरत नाही. पुढून समुद्र, मागून काँक्रीट, आणि मधला पट्टा संपतो. झाड तोडलं नाही तरी ते असं मरतं. परवानगी देताना "झाडं तोडणार नाही" एवढी अट पुरेशी मानली जाते याचा मला फार राग येतो.

---

दर्याकिनारी

नेदरलँड्सचं काय? अर्धा देश समुद्रपातळीच्या आसपास, तरी तिथे शहरं आहेत. तंत्रज्ञान आणि पैसा असेल तर जमतं असंच दिसतं.

---

सिव्हिलवाला

जमतं, पण कसं ते बघा. १९५३ च्या पुरात तिथे १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्यांनी डेल्टा प्रकल्प हाती घेतला आणि रॉटरडॅमजवळचा प्रचंड वादळदरवाजा (उधाण आलं की जलमार्ग बंद करणारा) पूर्ण झाला तो १९९७ साली. चार दशकांहून जास्त काळ, सरकारं बदलली तरी काम थांबलं नाही. तिथे पाणी व्यवस्थापनासाठी स्वतंत्र निवडून आलेली मंडळं आहेत आणि लोक त्यासाठी वेगळा कर भरतात. दरवर्षी कोटीभर घनमीटर वाळू समुद्रातून उपसून किनाऱ्याला घातली जाते. २०११ साली तर एकाच ठिकाणी दोन कोटी घनमीटरहून जास्त वाळू टाकून वारा-लाटांना ती पसरवू दिली. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर मनाला येईल तसं बांधता येत नाही, कारण टेकडी हीच संरक्षण-रचना मानली जाते.

म्हणजे त्यांनी समुद्राला जिंकलं नाही. त्यांनी न संपणारा खर्च पत्करला आणि तो प्रामाणिकपणे चालू ठेवला. बाकीचे देश नुसती भिंत उचलतात, देखभालीचा कर आणि टेकडीवरची बंदी मात्र उचलत नाहीत. शिवाय त्यांच्याकडे उष्णकटिबंधीय चक्रीवादळं येत नाहीत.

---

आकडेमोड

माघार घेण्याबद्दलही बोलायला हवं, कारण काही जागा कितीही खर्च केला तरी टिकणार नाहीत. २०१२ च्या सँडी वादळानंतर न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या ओकवुड बीच वसाहतीतल्या लोकांनी स्वतः एकत्र येऊन राज्याकडे मागणी केली की आमची घरं विकत घ्या. राज्याने वादळाआधीच्या किमतीने ती घेतली, पाडली आणि जमीन पुन्हा दलदलीला सोडून दिली. पटलं ते दोन कारणांनी. किंमत योग्य होती आणि शेजार एकत्र निघाला. एकट्याला उचलून दूर नेलं की दर्याकिनारी म्हणतात तेच होतं.

---

वाचनवेडी

सगळं वाचून एक व्यवहारी प्रश्न. घरातली मंडळी समुद्राजवळ जागा घ्यायचं म्हणतात. सरळ "नको" म्हटलं तर ऐकणार नाहीत. बघायला गेल्यावर नेमकं काय विचारू?

---

नकाशेवाला

जागा समुद्रापासून किती मीटर लांब आहे हे विक्रेता सांगेलच. तुम्ही विचारा की भरतीच्या उच्चतम रेषेपेक्षा ती किती मीटर *उंच* आहे. खाडीकाठची जागा समुद्र दिसत नसला तरी तितकीच धोक्याची असते, कारण उधाण खाडीतून आत येतं आणि निमुळत्या भागात वाढतं. मग त्या जागेची जुनी उपग्रहचित्रं बघा, वीस-तीस वर्षांपूर्वीची, ती मोफत मिळतात. तिथे दलदल, खाजण किंवा तळं दिसलं तर खाली भराव आहे. भराव खचतो आणि पाणी आपली जुनी जागा धरतं. किनाऱ्याची रेषा तेव्हा कुठे होती तेही त्यातच दिसेल.

बाहेर पडायचे रस्ते मोजा आणि ते कोणत्या पुलावरून जातात ते बघा. इयन वादळात फ्लोरिडातल्या सॅनिबेल बेटाचा एकमेव रस्ता तुटला होता. उधाणासकट विम्याचा लेखी दर जागा घेण्याआधी मागा. इमारत असेल तर वीजजोडणीचे फलक, जनित्र आणि पाण्याचे पंप कुठल्या मजल्यावर आहेत ते स्वतः जाऊन पाहा. सँडीच्या वेळी न्यूयॉर्कमधलं एक मोठं रुग्णालय वीज गेल्यामुळे रात्रीतून रिकामं करावं लागलं, कारण तळघरात पाणी शिरून इंधनपुरवठा बंद पडला होता. वरच्या मजल्यावर राहता म्हणून तुम्ही सुरक्षित नसता, खालचं सगळं बंद पडलं तर वर अडकून पडता.

आणि तिथल्या वयस्कर माणसांना विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं. ते हाताने जागा दाखवतात.

---

वाचनवेडी

उतरवून घेतलं. तिथल्या विहिरीचं पाणी चाखून बघायचं असंही कुणीतरी सुचवलं होतं, त्याला काही अर्थ आहे का?

---

हिरवी_किनार

आहे. पण चवीवर न थांबता उन्हाळ्याच्या शेवटी नमुना घेऊन तपासून घ्या. त्या वेळी भूजल सगळ्यात खाली असतं. आसपासच्या इमारतींचा उपसा जास्त असेल तर खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं. एकदा उधाण विहिरीत शिरलं तर ती पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे लागू शकतात. मी पाहिलेल्या अनेक वसाहतींमध्ये लोकांना हे राहायला गेल्यावर कळलं, आणि मग टँकर.

---

खाडीकाठ

हिरवी_किनार आणि नकाशेवाला, हे दोन्ही प्रतिसाद वर मूळ लेखात जोडतो म्हणजे नव्याने येणाऱ्यांना शोधावे लागणार नाहीत.

दर्याकिनारी, तुम्हाला एक विनंती. मच्छीमार वस्तीला किनाऱ्यावर ठेवून सुरक्षित करायचं तर नियमात नेमकी काय तरतूद असावी, म्हणजे निवारा किती अंतरावर, होड्यांना आसरा कुठे, घर बांधायला मदत कोणत्या अटीवर, यावर तुम्ही वेगळा धागा काढाल का? बांधकामबंदीचे मसुदे जेव्हा हरकतींसाठी जाहीर होतात तेव्हा मुदत थोडी असते आणि लिहिणारे कमी असतात. आधी तयार असलेलं लेखन तिथे उपयोगी पडेल.

---

दर्याकिनारी

काढतो. या आठवड्यात मसुदा टाकतो. सिव्हिलवाला, होड्यांच्या आसऱ्याचं तांत्रिक अंग तुम्ही बघा.